वाणात दिलेली कादंबरी

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

अवसरी बुद्रुक,
६ जानेवारी १९९८

चि. सावळेराम यास लंकाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

जुन्नरहून एस.टी.च्या टपावर टाकलेले तुझे चार गठ्ठे पोचले. दोनशे प्रती. हमाली बारा रुपये, घरापर्यंत टेम्पो पंधरा, आणि कंडक्टरनं “बाई, एवढं काय?” विचारलं म्हणून त्याला चहा दोन रुपये. पुस्तकं जशीच्या तशी आहेत, वाचणाऱ्याचा हात अजून लागलेला नाही.

तीनशे प्रती लेखकानंच विकत घ्यायच्या, ही तुझ्या पुण्याच्या प्रकाशकाची रीत मी यांना सांगितली. हे म्हणाले, मार्केटात दलाल पैसे कापतो हे माहीत होतं, पण शेतकऱ्याला त्याचाच कांदा विकत घ्यायला लावणारा दलाल पहिल्यांदाच ऐकला. चिमा तुमच्या दोन खोल्यांत पुस्तकं ठेवू देत नाही, यात मला तिचा दोष दिसत नाही. झोपायचं कुठं?

माझ्या माळ्यावर उंदीर आहेत, म्हणून मी वेगळं ठरवलं आहे. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या गाळण्या आणणार होते, त्याऐवजी तुझी कादंबरी लुटते. वाण नको म्हणता येत नाही आणि परतही करता येत नाही. तुझ्या पुस्तकाला असं गिऱ्हाईक दुसरं कुठलं मिळणार?

मीही वाचायला घेतली आहे. अंघोळ करून, दिवा लावून, पोथीसारखा रोज एक अध्याय. दोन झाले. नायिका गंगू पिठाची गिरणी चालवते ते आवडलं. सूर्य मात्र फार वेळा मावळतो.

कळावे. लोभ आहेच, वाढवायला माळ्यावर जागा नाही.

तुझी अक्का


जुन्नर, ११ जानेवारी १९९८

ती. अक्कास सावळेरामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस बोललो नाही. चिमाच्या ते उशिरा लक्षात आलं. अक्का, साहित्य म्हणजे गाळणी नव्हे. आठ वर्षं लिहिलं, चार वेळा खोडून पुन्हा लिहिलं. पहिल्या प्रकाशकानं हस्तलिखित दोन वर्षं ठेवलं आणि वर चहाच्या कपाचा डाग घेऊन परत पाठवलं. दुसरा म्हणाला, विषय ग्रामीण आहे. तिसरा म्हणाला, विषय उत्तम आहे, किती प्रती घ्याल? मावळता सूर्य हे प्रतीक आहे, ते सोड.

खरा जीव शेवटच्या, सोळाव्या प्रकरणात आहे. प्रकाशकांनी बजावलं होतं की नायिका शेवटी जिवंत राहिली तर ती घरगुती गोष्ट होते, कादंबरी होत नाही. तो सल्ला फळाला आला. इथल्या साहित्य मंडळाच्या पुरस्काराच्या अखेरच्या यादीत पुस्तक आहे. “जळजळीत वास्तव” असा शेरा पडल्याचं आतून कळलं.

तेव्हा वाट. पण वाटताना निदान बायकांना सांग की ही गावातली सांस्कृतिक घटना आहे.

लोभ असावा, आणि असल्यास वरवरचा नसावा.

तुझा सावळेराम


अवसरी बुद्रुक, २७ जानेवारी १९९८

चि. सावळेराम यास आशीर्वाद. वि. वि.

घटना घडली. सांस्कृतिक आहे की कसली, ते तूच ठरव.

संक्रांतीला सगळ्या बायका येऊन गेल्या. कुणी पुस्तकालाच हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं. तुझ्या प्रकाशकानं तेवढंही केलं नव्हतं. मी पोथीच्या नेमानं दहाव्या अध्यायावर होते. गाव नेम पाळत नाही. संध्याकाळची लाइट गेली की टीव्ही बंद, मग कंदिलाखाली आळीनं शेवटचं पान आधी वाचलं.

बाबा रे, नवरा सोडून आलेली, डाव्या कानाची पाळी फाटलेली, आणि दर गिऱ्हाइकाला “पावणं, पीठ गरम हाय, हात घालू नका” म्हणणारी बाई या पंचक्रोशीत एकच आहे. आमच्या घरासमोरची ठकूबाई. मास्तरकीच्या सुट्टीत माझ्याकडं लिहायला म्हणून येऊन राहायचास, तेव्हा तिच्या हातचे डिंकाचे लाडू खायचास. लाडू पुस्तकात दिसले नाहीत. चौदाव्या प्रकरणात गिरणीचं इंजिन दुरुस्त करणाऱ्याशी तिचं जमलेलं दिसलं आणि सोळाव्यात ती विहिरीत दिसली. तिचं इंजिन दुरुस्त करणारे बाबा सत्तरीचे आहेत, त्यांना पाना हातात द्यावा लागतो. तरी आता बायका दळण घेऊन जातात आणि गिरणीच्या मागे डोकावतात.

ठकूबाईला वाचता येत नाही. तिला मी पहिला मान देऊन वाण दिलं होतं. तिच्या भागूनं आईला सगळी कादंबरी वाचून दाखवली, शेवटपर्यंत.

भागूचं येडगावच्या चांगदेवांच्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं, तुला ठाऊक आहे. आळीतली एक सून वाण घेऊन माहेरी येडगावला गेली. चौथ्या दिवशी चांगदेवांचा निरोप आला की जरा विचार करतो. पंधरा वर्षं पीठ अंगावर घेऊन त्या बाईनं पोरगी वाढवली, आणि तुझ्या दोन प्रकरणांत तिचं नाव गेलं.

काल ती माझ्या दारात आली. भांडली असती तर बरं झालं असतं. उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, “मला मारलं त्याचं काय न्हाई, अक्का. खोटं मरण आलं की आयुष्य वाढतं म्हणत्यात. पर माझ्या पोरीला का ढकललं?”

याचं उत्तर तू दे. लेखक तू आहेस.

पुस्तकं गोळा करायचं सुचवू नकोस, वाण परत मागत नसतात. रविवारी, आठ तारखेला, चांगदेव शेवटचं बोलायला येणार आहेत. ये, आणि जे काय खरं असेल ते तोंडानं सांग.

लोभ त्या दिवशी ठरेल.

अक्का


जुन्नर, ३१ जानेवारी १९९८

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पात्र अनेक माणसांच्या मिश्रणातून उभं राहतं. मी ठकूबाईंचा कान, गिरणी आणि ते एक वाक्य घेतलं. बाकी सगळी कल्पना. वाचकांना एवढंही कळू नये?

माझी अडचण समजून घे. मंडळाचे चिटणीस येडगावचेच, चांगदेवांच्या भावकीतले. बैठकीला तेही येणार. त्यांच्यादेखत हे खोटं आहे म्हटलं की जळजळीत वास्तवाचं काय उरतं? प्रकाशक म्हणाले, दुसऱ्या आवृत्तीत खुलासा छापू. दुसरी आवृत्ती पहिली खपल्यावर, आणि पहिली तू वाणात वाटलीस.

चिमाला पत्र वाचून दाखवलं. तेव्हापासून ती मला वाढते, पण माझ्या ताटाकडं बघत नाही. ठरलं की कळवतो.

तुझा सावळेराम


॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

अवसरी बुद्रुक,
१० फेब्रुवारी १९९८

चि. सावळेराम यास अक्काचे अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

आलास. चिमानं तुला हाताला धरून एस.टी.त बसवलं, हे तिनं मला कळवलं आहे, तरी आलास हेच मी धरते.

तू “वास्तव आणि कल्पना यांच्या सीमारेषेवर” असं सुरू केलंस, तेव्हा दाराआड भागूनं माझा हात इतका आवळला की बांगडी पिचली. बरं झालं, चांगदेवांनी अडकित्ता खाली ठेवून सरळ विचारलं, गुरुजी, हे खरं का खोटं? चिटणीस शेजारीच पानाला चुना लावत होते, ते तुला दिसत होते.  तरी तू म्हणालास, “खोटं. त्या बाईंचं काही नाही त्यात. सगळं मी रचलं.” आठ वर्षांवर तू स्वतः रेघ मारलीस, ती मी पाहिली.

चांगदेवांनी मग याचे किती मिळाले विचारलं. काही नाही, तीनशे प्रती मीच विकत घेतल्या, म्हणालास आणि चहा न घेता स्टँडवर गेलास. म्हणून पुढचं तुला माहीत नाही.

तू गेल्यावर चांगदेव इतके हसले की त्यांच्या तोंडातली सुपारी सतरंजीवर पडली. म्हणाले, “पैसे घेऊन खोटं बोलणारे लई बघितले. पदरचे घालून बोलणारा पहिलाच. असल्या माणसाच्या मनात वाकडं नसतंय, आणि त्या बाईच्या घरातबी काय वाकडं नाय.” साखरपुडा बावीस तारखेला ठरला.

पुरस्काराची वाट बघू नकोस. चिटणीस जाताना म्हणाले, वास्तव नसेल तर मंडळाला विचार करावा लागेल. करू देत, त्यांना तेवढाच व्यायाम.

आता खरं सांगते. विहिरीचं प्रकरण मी देवासमोर वाचलं आणि रडले. तुला लिहिता येतं रे. म्हणूनच गावानं विश्वास ठेवला.

ठकूबाई तुझ्यावर अजून रागावलेली आहे. तरी भागूच्या लग्नपत्रिकेचा मजकूर तूच लिहायचा, असं ती म्हणते. गावाच्या ओळखीत दुसरा लेखक नाही म्हणे. मंचरच्या छापखान्यात सातशे प्रती निघणार, छपाईचे पैसे ती देणार, आणि शेवटच्या ओळीपर्यंत लोक वाचणार, कारण जेवण कुठं आहे ते तिथंच असतं. असं पुस्तक तुझं अजून निघालेलं नाही. अटी दोन. निमंत्रकांत इंजिनवाल्या बाबांचं नाव मानानं घालायचं, आणि आत घेशील ती सगळी माणसं जिवंत ठेवायची.

रुसवा मागाहून सावकाश पाठवलास तरी चालेल. मजकूर मात्र उलट टपाली पाठव.

तुझी अक्का