रिकाम्या पेशींतली पट्टी

१२ मार्च

आई, पाया पडते.

दोन महिने पत्र नाही, चूक माझीच. तब्येत बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतो?

आज मात्र डोकं तापलंय. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं एक प्रथिन आम्ही शोधतो. फक्त त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी बाटलीतून विकत येते. ती चिकटली की फोटोत काळी पट्टी उमटते. काल मी ते प्रथिन मुळातूनच काढून टाकलेल्या पेशी तपासल्या. तरी पट्टी आली, तशीच ठसठशीत! म्हणजे तीन वर्षं ती भलत्यालाच चिकटत होती.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "मॅडम, हा फोटो नव्या शोधनिबंधात घालू नका. कोण विचारतंय?"

"मी विचारतेय ना!"

"मग याच पट्टीवरचा मागचा निबंध छापताना का नाही विचारलंत?"

असा संताप आला! पण आई, टोला वर्मी लागला. बाटलीवर 'तपासलेली' असं छापलं होतं आणि मी निमूट विश्वास ठेवला. आता नोकरीवर गदा आली तर येवो. बाबांना इतक्यात सांगू नकोस.

तुझी हट्टी धाकटी

उद्याचं काम: छापलेला निबंध मागे घ्या, असं संपादकांना माझ्या सहीनं कळवणं.