बांधाला लागलेली पिल्लं

३ मार्च

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण नदीच्या मुखावरचा, भरतीचं पाणी अडवणारा दरवाजा अजून मीच वरखाली करते. बाबाही ठणठणीत. तुझं नाव काढलं की रेडिओ मोठा करतात.

यंदा वाम माशांची पिल्लं उशिरा आली. समुद्र कोमट, नदीत पाणी कमी, वारा सारखा समुद्रावरून. भरतीला दरवाजा वीतभर उघडा ठेवला की गोड्या पाण्याच्या वासावर ती आत शिरतात, हे तुला मी काय सांगू! यंदा तिकडे एकही फिरकलं नाही. जमली कुठे, तर बाबांच्या घरामागच्या बांधाला, समुद्राच्या अंगाला. काचेच्या दोऱ्यासारखी, नुसती वळवळ. लोक बादल्या घेऊन धावले. बाबांची तर छाती फुगली. "जन्मभर बांध राखला मी, माझ्याकडे नाही येणार तर कुणाकडे?" मीही हसले. मूर्खासारखी हसले.

काल ओहोटीला खाली उतरले. पिल्लं दाटली होती तिथलं पाणी चाखलं. गोडं लागलं रे! समुद्राकाठी गोडं पाणी कुठून येणार? बांधाच्या आत, बाबांच्या घराजवळच्या कालव्यातलं, बांधातून झिरपलेलं. बांध आतून पोखरलाय.

पाटबंधाऱ्याच्या कचेरीत सांगितलं. साहेब म्हणाले, "बघू, पाहणी लावू." बाबा म्हणाले, "माझ्या बांधाला भोक? जीभ आवर." घर सोडायचं नावच काढू देत नाहीत. अमावास्येची मोठी भरती तोंडावर आलीय आणि वारा काही पडत नाही.

मला भीती वाटते. माझं ते ऐकत नाहीत, ऐकलं तर तुझंच. तुमचं भांडण कशावरून झालं ते तुम्हा दोघांनाही धड आठवत नसेल. ये, चार शिव्या खा, पण त्यांना इथून घेऊन जा.

पत्र बंद करत होते, तेवढ्यात बाबा आले. लहान मुलासारखे खूश. हातात भांडं, त्यात तीन पिल्लं. "बघ, आता तर घरात यायला लागली! अंगणातल्या डबक्यात सापडली."

धाकट्या, पावसाचा थेंब नाही आणि अंगणात डबकं. ही पिल्लं नदीवरच्या दरवाज्यातून आलेली नाहीत, बांधातून आलीत.

उत्तर पाठवत बसू नकोस, तूच ये. माझ्या घरी शोधू नकोस. आजपासून मी बाबांकडेच झोपणार आहे.

तुझी,
ताई