लाइट गेली तरी राहावं म्हणून

मोखाडा,
१९ नोव्हेंबर २००५

चि. चैतन्य यास,

आत्याचे अनेक आशीर्वाद. तुझ्या तब्येतीची काळजी वाटते (तू कळवत नाहीस, म्हणून जास्तच वाटते). इकडे सगळे खुशाल, लाइट तेवढी येऊन-जाऊन असते.

तू मला तो फुकटचा लिहिण्याचा प्रोग्राम घालून दिलास आणि म्हणालास, आत्या, हा जगभरच्या लोकांनी मिळून केलाय, काही हवं तर त्यांच्याकडेच ईमेलने माग. तर मागितलं. शाळेच्या वार्षिक परीक्षेचा पेपर टाइप करताना लाइट गेली, अख्खा पेपर गेला. म्हणून लिहिलं की टाइप केलेलं आपोआप जतन होत राहावं. (शब्दकोश मांडीवर घेऊन लिहिलं, माझं इंग्रजी काढू नकोस.) सगळ्यांनी कौतुक केलं आणि चर्चेला बसले, ते दीड वर्ष झालं तरी उठलेले नाहीत. एक जर्मन गृहस्थ विचारतात, मुळात लाइट जातेच का? त्यांना भारनियमन समजावताना माझी दोनदा गेली. मग या सोयीचं बटण पडद्यावर कुठे ठेवायचं यावरून दोघांची अशी जुंपली, की खोडाळ्यात हातपंपाच्या जागेवरून झालेली ग्रामसभा मला समंजस वाटू लागली. तिथे पंप निदान बसला (पाणी लागलं नाही, ते सोड). शेजारची गोदा रोज विचारते, "बाई, तुमच्या मशीनवाल्यांचा निकाल लागला का नाय?"

ही चर्चा वाचायला मी दर रविवारी जीपने जव्हारच्या सायबर कॅफेत जाते. मांडीवर कुणाची तरी कोंबडी असते. त्या चर्चेत मधूनच तुझं नाव दिसतं. परवा तू त्या बटणावर चार परिच्छेद लिहिलेस आणि शेवटी त्या जर्मनाला लिहिलंस, आता जेवून घ्या, उद्या भांडू. अगदी घरात बोलायचास तसं. मी पुन्हा पुन्हा वाचलं, कॅफेवाल्यालाही सांगितलं, हा माझा भाचा. (त्याला काही फरक पडला नाही.) मला दोन ओळी लिहिताना तुझे हात झिजतात, याचा राग आहेच. पण फार आठवण येते रे.

बाकी ठीक. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
सुशीलाआत्या

ता. क. निकाल लागला बरं का! महिनाअखेरपर्यंत कुणी हरकत घेतली नाही तर माझी मागणी मंजूर आणि चर्चा बंद, असं त्यांच्या प्रमुखांनी लिहिलंय. गोदाला अजून सांगितलेलं नाही.

ता. क. २. तेवढी एक हरकत तू घे. कारण काहीही दे, पण जरा लांबलचक लिही. पेपर काय, मी पुन्हा टाइप करीन.