सिंथेसायझरचं बटण बंद करू नका

बाबा,

आईच्या सिंथेसायझरचं भिंतीवरचं बटण कृपा करून बंद करू नका. वीज वाचवायची हौसच असेल तर गीझर आहे.

तुम्ही बटण बंद केलंत की मी लावलेलं सेटिंग उडतं. मग काल झालं तसं होतं: आई पट्टी दाबते आणि आवाज जेमतेम येतो. तुम्ही म्हणालात, मशीन बिघडलंय. मशीन ठणठणीत आहे. आईच्या बोटांतला जोर चाललाय, म्हणून हलक्या हाताला मोठा आवाज देणारं सेटिंग मी गुपचूप वाढवत आलेय. तिला कळू देऊ नका.

छोटा, हलक्या पट्ट्यांचा सिंथेसायझर घेऊ या, हे तुमचं विकत घेतानाचं म्हणणं बरोबरच होतं. पण आता तो विषय काढू नका. "पियानोसारख्या मोठ्या, जड पट्ट्या नसतील तर ते खेळणं," हे ती अजून म्हणते. परवा वाजवून झाल्यावर मला म्हणाली, "बघ, जड पट्ट्यांनीच हात सुधारला माझा. सांग तुझ्या बाबांना." म्हणून सांगतेय. तिला म्हणा, हरलो बुवा.

मी तिचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे चाललेय. तिला मात्र वारज्याला अस्मिताकडे गेलेय असंच सांगा. आमटी गरम करून घ्या.

आणि ती वाजवताना आवाज बारीक वाटला, तर उगाच जाऊन काही फिरवू नका. सगळ्यात हलकं सेटिंग आज लावलंय. त्याच्यापुढे मशीनमध्ये काही नाही.

कादंबरी