मागचं दार

दादा,

आपल्या घरापुढचं वळण काढून टाकलं. नवा हायवे आता मागच्या मक्याच्या शेतातून सरळ जातो. जुन्या रस्त्याचा तुकडा अंगणापुढे तसाच पडलाय. आम्ही त्यावर शेंगा वाळवतो. दुपारी डांबर चकाकलं की वाटतं, तिथं नदीच झोपलीय.

तू ट्रक घेऊन यायचास तेव्हा वळणावर हॉर्न द्यायचास आणि आई चहा टाकायची. तू बाबांशी भांडून गेलास, तरी तिची सवय गेली नाही. आता हॉर्न मागून येतात, ती मात्र पुढच्या दाराकडे धावते. तिथं नुसत्या शेंगा.

परवा तिनं गवंड्याला बोलावलं आणि मागचं बुटकं दार काढून मोठी चौकट बसवायला लावली. तो हसला, "काकू, मागच्या दाराला एवढा थाट कशाला?"

"मागचं कोण म्हणालं?" आई म्हणाली.

बाबा उठले आणि स्वतः चौकट धरून उभे राहिले.

आईनं बजावलंय, त्याला काही कळवू नकोस, यायचं तर आपणहून येईल. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. पण दादा, आपल्या घराला आता मागचं दारच उरलं नाही. कुठूनही ये.

तुझी,
धाकटी