कपाळावरचं जांभळं फडकं

निशी-कसाई, जपान, ९ नोव्हें., शनि.
पत्र्याच्या पेटीत काचेच्या बांगड्या ठेवल्याचा आवाज. नाटक संपलं की अण्णा एकेक उतरवून ठेवत, फुटू नये म्हणून. माझे वडील, नाटकमंडळीत नायिका करायचे. आज शेजारी मोरीसानांकडे चहाचे पेले किणकिणले, तेव्हापासून कानात तेच.

चहानंतर मोरीसानांनी लाकडी ठशाचं जुनं चित्र काढलं. कललेली मान, बाहीआडून अर्धं बोट, कपाळावर जांभळं फडकं. मी विरघळलोच. शाळकरी सवयीने शार्दूलविक्रीडितात दोन ओळी जुळवल्या, 'ती'च्या नजरेवर. दुभाषी नात, मीरा. मध्येच म्हणाली, "आजोबा, ती नाही, तो! काबुकी नाटकातला नट, बाईच्या वेषात. पुढचं डोकं भादरलेलं असतं ना, ते झाकायला फडकं."

मी ओशाळलो नि हसत बोलून गेलो, "हात्तिच्या, बायल्याच की!"

मीराने तेही इमानदारीत जपानीत सांगितलं. मोरीसान काहीतरी पुटपुटले. चित्र कागदात गुंडाळलं.

१० नोव्हें., रवि.
सूनबाई मीरावर चिडली. "सगळं ट्रान्सलेट करायचं नसतं गं!"
"मग मला नेलंच कशाला?"
बरोबर आहे पोरीचं.

ते काय पुटपुटले, विचारलं. आधी सांगेना. मग, "म्हणाले, आत्ता तर आवडली होती ना?"

जेवण गेलं नाही. अण्णा बाजारात निघाले की पारावरून हाच शब्द यायचा. ते माझा हात घट्ट धरत, चालत राहत. आणि आता या वयात, परमुलखात, माझ्याच तोंडून...

१२ नोव्हें., मंगळ.
लिफ्टपाशी मोरीसान. वाकले, नेहमीपेक्षा जास्तच खाली. मला बरं वाटलं. मीरा म्हणाली, अनोळखी माणसांना करतात तसं.
इथे मला चहाला बोलावणारा हा एकच माणूस.

१३ नोव्हें., बुध.
सूनबाई : "बाबा, चकल्या देते डब्यात. जाऊन सॉरी म्हणा, झालं."
सॉरीने काय होतंय. मीराकडून एक वाक्य जपानीत घोकून घेतलं : 'माझे वडीलही बायकांच्या भूमिका करायचे.' कवितेसारखं पाठ. चपला घातल्या, काढल्या. आज मीराला सांगेपर्यंत हे मी मराठीतसुद्धा कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

१४ नोव्हें., गुरु.
घरात एकटा. मीरा शाळेत, सूनबाई ऑफिसात. बेल वाजली. पार्सलवाला असेल म्हणून दाराशेजारच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं, तर मोरीसान. एकटेच, रिकाम्या हाताने. वही मिटतो. वाक्याचा पहिला शब्द तेवढा आठवतोय, पुढचं