दादाची चिप

प्रिय आई,

काल सकाळी माझा कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. ही बातमी सांगायला पहिली तूच आठवलीस, म्हणून वहीचं पान फाडून लिहायला बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मंदे, त्या खोक्याचं काय लय कौतुक!"

ऐक तर. शहाणपणा मीच केला. कॉम्प्युटर सुरू होताना पहिलं काय करायचं, ते आतल्या एका छोट्या चिपमध्ये लिहिलेलं असतं. त्याला बायोस म्हणतात. नवा बायोस भरायला घेतला आणि मध्येच लाईट गेली. लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीवर मीच चिकटवलंय, तरी! लाईट आली तेव्हा पंखा फिरत होता, पण स्क्रीन काळा ठिक्कर. सातपूरच्या माझ्या टायपिंगच्या क्लासला सहा मुली, परीक्षा दहा दिवसांवर, आणि कॉम्प्युटर एकच.

दुरुस्तीवाला म्हणाला, "हा बोर्ड आता मिळत नाही. अगदी असाच दुसरा चालू बोर्ड असेल, तर त्यावर चिप परत भरता येईल." असा दुसरा कुठे आहे, ते मला पक्कं माहीत होतं.

आठवतं? मला आणि दादाला कॉम्प्युटर घेताना तू दुकानात ठाण मांडून बसलीस. "दोघांना सारखाच द्या. भांडणाचं कामच नाय." मला तर लाजच वाटली. शाळेचे डबेसुद्धा तू तसेच आणलेस, एकसारखे. माझा पहिल्याच आठवड्यात आपटून पोचा आला. मी रडायला लागले, तर दादाने मुकाट्याने स्वतःचा मला दिला आणि पोच्याचा डबा शाळा संपेपर्यंत वापरला.

आणि त्याच दादाला मी तुझ्या दहाव्याला, सगळ्या भाऊबंदांसमोर काय बोलले! "तू आईला दवाखान्यात उशिरा नेलंस, म्हणून ती गेली." तू दुखणं आम्हा दोघांपासूनही लपवलंस, हे मला ठाऊक होतं. का लपवलंस गं? फुलं ओवत बसायचीस आणि विचारलं की "काय नाय झालं" म्हणायचीस. तुझ्यावर रागावता येईना, म्हणून राग त्याच्यावर काढला. त्यानंतर अकरा महिने आम्ही बोललो नाही.

काल सकाळीच द्वारका चौकाजवळच्या त्याच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेले. त्याला खरं ते सांगितलं. "तुझं मशीन तुझ्या चिपवर सुरू करायचं, मग चालू असतानाच ती काढायची आणि त्या जागी माझी बसवून भरायची. चुकलं तर तुझंही मशीन जाईल." त्याच्या गाड्यांच्या सगळ्या पावत्या त्यावरच निघतात. त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "दहाला लाईट जाते. त्याच्या आत उरक."

धातूचं काही लागायला नको, म्हणून त्याच्या चिपखालून, घरून नेलेला तुझा फुलं ओवायचा दोरा घातला. नवा बायोस असलेल्या फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं. दोऱ्याचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.

"सरळ वर उचल हां."

"कळतंय मला."

चिप सुटली. माझी जपून बसवली आणि भरायला लावली. ती दोन मिनिटं आम्ही दोघं त्या स्क्रीनकडे नुसते बघत होतो. मग मशीन बंद करून पुन्हा लावलं, आणि सुरू झालं की गं! माझी मेलेली चिप त्याच्या मशीनमध्ये चालत होती.

मी म्हटलं, "आता बंद कर. माझी काढते आणि तुझी परत बसवते."

त्याने माझा हात धरला. "राहू दे. बिघडून नीट झालेली माझ्याकडे असू दे. चांगली तू ने. मुलींची परीक्षा आहे."

मला रडू आवरेना. "दादा, दहाव्याला मी बोलले ते खोटं होतं."

"चहा घेणार का?" एवढंच म्हणाला. पण चहा स्वतः जाऊन घेऊन आला.

आता सहाही मुली पाळीपाळीने टायपिंग करतायत, दादाच्या चिपवर.

पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध. तेच सगळे भाऊबंद जमतील. त्यांच्यासमोर उभी राहून मी माझे शब्द परत घेईन, दादा नको म्हणाला तरी. हे तुला वचन देते.

डबा आपटणारी तुझी,
मंदा